विश्वासरावांनी घरच्या घरी तेल बदललं

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होतं आणि त्याच्याकडे स्पोर्ट्स कार होती. अस्वलाला स्पोर्ट्स कार कशाला, असं विचारू नका. मोठे झालात की तुमच्याकडेही अशी एखादी वस्तू येईल, आणि तेव्हा कुणी विचारलेलं तुम्हालाही आवडणार नाही.

अस्वलाचं नाव विश्वासराव. गाडी लाल, पंचवीस वर्षांची आणि अगदी बुटकी. आत दोनच जागा. एका जागेवर विश्वासराव बसले की दुसरी अर्धीच उरायची. दर रविवारी ते गाडी पुसायचे आणि पुसता पुसता तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. त्यांची बायको वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकायच्या. आपल्याशी ते शेवटचे असे कधी बोलले, ते त्यांना आठवायचं नाही.

विश्वासरावांची एक लाडकी भाची होती, केतकी. ती एवढीशी होती तेव्हाच मामाने तिला शब्द दिला होता, "तुझी पाठवणी माझ्या गाडीतून."

"आणि नवरा कुठे बसेल, मामा?"

"तो येईल चालत."

आता केतकीचं लग्न ठरलं. सोमवारचा मुहूर्त होता आणि सासर ओढ्यापलीकडच्या टेकडीवर. गाडी तिथवर नीट पोचायला हवी, म्हणजे आधी तिचं तेल बदलायला हवं. तेल बदललं नव्हतं त्याला चार वर्षं झाली होती.

जांभळाखाली खंडू मिस्त्रीचं गॅरेज होतं. खंडू म्हणजे माकड. त्याने अर्ध्या तासात काम केलं असतं. पण विश्वासरावांनी मोबाइलवर सहा मिनिटांचा एक व्हिडिओ पाहिला होता. मुलांनो, सहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला की मिस्त्री लोक आपल्याला आजवर फसवत आले, असं वाटू लागतं.

"तेल काय, आपलं आपण बदलायचं," ते म्हणाले. "गाडीवर प्रेम असलं की हाताला आपोआप कळतं."

रविवारी सकाळी त्यांनी जॅक लावला. गाडी चार बोटं वर आली. विश्वासरावांचं पोट मात्र वीतभर उंच होतं. त्यामुळे ते गाडीखाली गेले नाहीत, फक्त त्यांचा उजवा हात गेला. गाल जमिनीला टेकवून, डोळे मिटून ते बराच वेळ चाचपडत होते. शेवटी एक नट हाताला लागला.

आता त्या गाडीला खाली दोन नट होते. एक इंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा. व्हिडिओत दोन्ही दिसत होते, पण विश्वासराव तेव्हा चहात साखर ढवळत होते.

नट सुटला. घमेल्यात तेलाची धार पडू लागली. स्वच्छ, सोनेरी, मधासारखं तेल. विश्वासरावांनी सवयीने बोट तोंडाकडे नेलं, पण वत्सलाबाई बघत होत्या म्हणून पँटला पुसलं.

आमच्या जंगलात गाडीचं बॉनेट उघडलं की प्राणी जमतात. कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि माना हलवतात. शेजारचे नानासाहेब साळिंदर सगळ्यांत पुढे होते. त्यांच्याकडे सायकलही नव्हती.

"वा, विश्वासराव!" नानासाहेब म्हणाले. "चार वर्षांनी असं तेल? गाडी जपावी तर तुमच्यासारखी."

सगळ्यांनी घमेल्यात डोकावून पाहिलं. एकाने तर फोटो काढला.

वत्सलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, माझ्या कढईत दोनदा पुऱ्या तळल्या तरी तेल काळं पडतं. हे चार वर्षांत कसं नाही पडलं?"

"कढई वेगळी, इंजिन वेगळं."

"तेच म्हणतेय मी. हे नक्की इंजिनाचंच ना?"

"वहिनी," नानासाहेब हसून म्हणाले, "चहा टाका."

तेवढ्यात खंडू मिस्त्री रस्त्याने चालला होता. त्याने घमेल्यात एक नजर टाकली आणि तो थांबला. "साहेब, तुम्ही तो नट..."

"खंडू, तुला विचारलं का?"

"नाही."

"मग?"

खंडू गेला. तो काही वाईट नव्हता. त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं.

विश्वासरावांनी नट घट्ट केला. फिल्टर हाताला लागला नाही, म्हणून तो चांगलाच असणार असं ठरवलं. मग बॉनेटमधून नव्या तेलाचा अख्खा डबा इंजिनात ओतला. जुनं तेल आत होतंच. मापाची पट्टी काढून पाहिली, तर तेल खुणेच्या कितीतरी वर.

"असू दे," ते म्हणाले. "लग्नघर आहे. कमी पडायला नको."

सोमवारी लग्न लागलं. मामाने भाचीला गाडीत बसवलं आणि गाडी सुरू केली. मागून निळा धूर निघाला. वऱ्हाडाला वाटलं, खास लग्नासाठी केलंय. पहिला गिअर पडला. दुसरा काही केल्या पडेना. आतून कुणीतरी खलबत्त्यात खडे कुटावेत तसा आवाज येऊ लागला.

पण मुलांनो, नशीब बघा. वरात चालते ती पायांच्या गतीने. पुढे बँड, मध्ये पहिल्या गिअरमधली गाडी, दाराला हात लावून शेजारी चालणारा नवरदेव. अशी शोभिवंत वरात जंगलाने पाहिली नव्हती. केतकी हसत होती. स्टिअरिंग धरलेल्या विश्वासरावांना घाम फुटला होता.

टेकडी चढून गाडी सासरच्या दारात आली, एकदा खोकली आणि बंद पडली. पुन्हा सुरू होईना.

केतकीच्या सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. वऱ्हाड आत जायला निघालं. विश्वासराव गाडीतच बसून होते.

"विश्वासराव, निघायचं ना परत?" नानासाहेबांनी ओरडून विचारलं.

सगळे थांबले. सगळ्यांनी वळून पाहिलं. गर्दीत खंडूही होता, हातात जिलबी घेऊन. विश्वासरावांनी 'बिघडली' म्हणायला तोंड उघडलं. खंडूने जिलबी खाणं थांबवलं.

"परत कसली?" विश्वासराव म्हणाले. "गाडी केतकीची. मामाचं आंदण आहे."

टाळ्या पडल्या. बँड पुन्हा वाजू लागला. विश्वासराव गाडीतून उतरले, बॉनेटवर एकदा हात फिरवला, आणि त्यांना रडू आलं. खरंखुरं, हुंदके देऊन.

"मामाचा जीव बघा भाचीवर!" लोक म्हणाले, आणि तेही रडले.

फक्त वत्सलाबाई रडल्या नाहीत. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडताना त्यांनी विचारलं, "नट चुकला ना?"

"पाणी थंड आहे," विश्वासराव म्हणाले.

पुढच्या रविवारी दारात हॉर्न वाजला. लाल गाडी उभी होती, चकचकीत, गुरगुरत. केतकी एकटीच चालवत आली होती.

"मामा, खंडूकाकांनी दुरुस्त केली. आता छान चालतेय." तिने किल्ली पुढे केली. "मला ठाऊक आहे, तुमचा जीव आहे हिच्यात. घ्या परत. सासरी मी सांगीन, बिघडली होती म्हणून मामांनी आपल्या दारात सोडली होती."

विश्वासरावांचा हात पुढे गेला. किल्लीपासून बोटभर अंतरावर तो थांबला. कुंपणापलीकडे नानासाहेब कान देऊन उभे होते.

"बिघडली?" विश्वासराव म्हणाले. "बिघडली कुठे होती?"

केतकीने क्षणभर मामाकडे पाहिलं, मग मामीकडे. मामीने आभाळाकडे पाहिलं.

"बरं, मामा," केतकी म्हणाली, आणि दुसरा गिअर टाकून निघून गेली.

तात्पर्य : मुलांनो, आपली चूक कधीही कबूल करू नका. कबूल केली तर गाडी परत मिळते, आणि मग तिचं तेल पुन्हा आपल्यालाच बदलावं लागतं.