शिक्क्याची अंडी

भाऊसोचं कार्ड येऊन चार महिने झाले, तरी मी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. वेळ नव्हता म्हणावं, तर माझ्यासारख्या निवृत्त ग्रंथपालाकडे वेळेशिवाय दुसरं असतं काय? खरं कारण असं की कार्डावर एकच प्रश्न होता आणि तो माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता.

भाऊसो माझा मित्र, इस्लामपूरचा. निवृत्त पोस्टमास्तर, त्यामुळे अजूनही फोन न करता कार्डच लिहितो. दोन वर्षांपूर्वी आम्ही लोणंदच्या बाजारात एकाच दिवशी, एकाच टोपल्यातून गावरान पिल्लं घेतली. कोंबडीपालनावरची तीन पुस्तकं मी वाचलेली, त्याने एकही नाही. त्याला जे काही शिकवलं ते मी. आणि हा शिष्य लिहितो, 'अंड्याला पंधरा रुपये घेतो. माणसं दारात थांबतात. तू काय भाव घेतोस?'

मी आठ घेत होतो. गिऱ्हाइकाने भुवई उचलली की सात. भाव सांगताना मला घाम फुटतो. जणू मीच काहीतरी उसनं मागतोय.

मी ठरवलं, अंड्याला सोळा रुपये मिळवायचे आणि मगच कार्ड टाकायचं. थाप मारणं सोपं होतं. पण थाप लिहिताना माझं अक्षर थरथरतं आणि भाऊसोने तीस वर्षं गावाची अक्षरं वाचलीत.

त्यात शेजारी कोंडीबा. सगळा जन्म मेंढरांमागे गेला, पुस्तकाचं पान उलटलेलं नाही. हा माणूस रहिमतपूर-सातारा रस्त्याच्या कडेला टोपलं ठेवतो, मागे बाजेवर आडवा होतो आणि चौदाने अंडी विकतो. उठतसुद्धा नाही! त्याच्या अंड्यांना पेंढा, पिसं आणि न सांगण्यासारखं बरंच काही चिकटलेलं. मी मनात म्हटलं, असल्या घाणेरड्या अंड्यांना चौदा, तर स्वच्छ अंड्यांना सोळा कुठेच गेले नाहीत.

म्हणून चोवीस अंडी ब्रशने घासून अशी लखलखीत केली की त्यात तोंड दिसावं. ताजेपणाचा पुरावा म्हणून प्रत्येकावर तारखेचा शिक्का मारला. हा शिक्का वाचनालयातला. निरोप समारंभात नारळासोबत मला मिळालेला. त्यातली सालं २०१३ला संपत होती. मी विचार केला, दिवस आणि महिना बरोबर असला म्हणजे झालं. साल कोण बघतंय?

आमच्या हिने, अंजनाने, एवढंच विचारलं, "लोकं अंडी खाणार हायत, का वाचणार?"

पहिलं गिऱ्हाईक आली सोनिया, गल्लीतली नवी सून. सासूने गावरान अंडी आणायला पाठवलेलं. तिने ती पांढरीफेक अंडी पाहिली आणि ही दुकानातल्या ट्रेमधली तर न्हाईत ना, म्हणून विचारलं. मी स्वच्छतेवर पाच मिनिटांचं भाषण तयार ठेवलं होतं. तोंडातून निघालं फक्त "सोळा."

सोनियाने अंडं फिरवून शिक्का वाचला. "बारा मार्च दोन हजार तेरा," ती म्हणाली. मग बोटांवर मोजून, "आजोबा, मी तवा तिसरीत होते."

अंडं जपून खाली ठेवून तिने त्याचा फोटो काढला. तासाभरात तो गल्लीच्या ग्रुपवर फिरला. कुणी लिहिलं, अंड्याची पंचविशी झाली की सत्कार करू. कुणी विचारलं, परत करायला उशीर झाला तर दंड किती. कोंडीबा फोन वापरत नाही, पण बातमी त्यालाही कळली. तो कुंपणावरून वाकून अंड्यांकडे बघत राहिला.

"गुर्जी," तो म्हणाला, "ह्यातनं पिल्लू न्हाई, पेन्शनर निघंल."

मी आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नाही, तरी गाव मला गुर्जी म्हणतं. त्या दिवशी ते फारच लागलं.

शिक्के पुसायला मी सगळी अंडी कोमट पाण्याच्या बादलीत घातली. शाईने आकडे सोडले, पण अंडी सोडली नाहीत. बाहेर काढली तेव्हा चोवीसच्या चोवीस जांभळीकाळी, पावसात भिजलेल्या वांग्यांसारखी! आता सोळा राहू द्या, फुकटसुद्धा कुणी नेली नसती. डोळ्यांपुढे भाऊसोच्या दारातली रांग दिसू लागली.

"द्या हिकडं," कोंडीबा म्हणाला. "बघतो काय हुतंय."

त्याने अंडी टोपल्यात पेंढ्यावर मांडली आणि तो बाजेवर आडवा झाला. मी पायरीवरून बघत होतो. थोड्या वेळाने एक पांढरी गाडी थांबली. शहरातले एक गृहस्थ उतरले, त्यांनी जांभळं अंडं उन्हात धरलं आणि हळूच विचारलं, "कडकनाथ?"

कडकनाथ कोंबडी अंगाने काळी, मांसानेही काळी. म्हणून अंडंही काळंच असणार, अशी पुष्कळांची समजूत आहे. ते बदामी रंगाचं असतं, हे मी तिन्ही पुस्तकांत वाचलंय. कोंडीबाने एकही वाचलेलं नाही. तो आभाळाकडे बघत म्हणाला, "बघा की तुमीच."

"भाव?"

"चाळीस." आणि त्याने डोळे मिटले.

गृहस्थांनी घासाघीस न करता सगळी उचलली. मी तिरीमिरीत उठलो. 'साहेब, ही शाई आहे' हे वाक्य मनात जुळवलं, एकदा दुरुस्त केलं आणि जवळ जाऊन बोललोसुद्धा. तोवर काच वर गेली होती. मी निरोप देतोय असं समजून त्यांनी आतून हात हलवला.

कोंडीबाने सगळे पैसे माझ्या हातात ठेवले. स्वतःला एक रुपया घेतला नाही. आजवर त्याच्या अंड्यांचा हेवा होता. आता त्याच्या मोठ्या मनाचाही वाटू लागला.

"अंडं कुणाचंबी असू द्या गुर्जी," तो म्हणाला, "इकताना लय बोलायचं न्हाई."

त्याच दुपारी मी कार्ड घेऊन बसलो. अंजनाने बजावलं, लिहायचं तर सगळं खरं लिहा, न्हाईतर लिहूच नगा. मी सगळं लिहिलं. शिक्का, साल, सोनिया, बादली, कोंडीबा, गाडीची काच. काहीही लपवलं नाही. ती टपालपेटीपर्यंत सोबत आली आणि माझ्या हातून कार्ड घेऊन तिने ते लांब धरलं.

"ह्यात 'चाळीस रुपये' तेवढं दिसतंय. बाकीचं कुठं हाय?"

मी कार्ड परत घेत म्हटलं, खाली आहे. कार्डावर जागा ती केवढी! 'चाळीस रुपये' मधोमध लिहून तीनदा गिरवल्यावर उरलेलं खरं मावेल तेवढ्या बारीक अक्षरात बसवावं लागलं. भाऊसोच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू अजून काढायचे आहेत, हे मला आठवलं तेव्हा कार्ड पेटीत पडलं होतं. अगदी शपथेवर सांगतो.