बोटांची डागडुजी

नवऱ्यानं दुपारी झोपावं. जागा राहिला की त्याला बायकोबद्दल प्रेम वाटू लागतं आणि तिथून पुढं सगळा घोळ होतो.

त्या दुपारी बायको सोफ्यावर गाढ झोपली होती. बारा वर्षं वाद्यवृंदाच्या मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवल्यावर त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती. तिचा डावा हात खाली लोंबत होता. मी तो प्रेमानं हातात घेतला आणि दचकलो. बोटांच्या टोकांना घट्टे! आपल्या घरची भांडी घासून हे झालं, या विचारानं मला गलबलून आलं. (भांडी आपण घासावीत, हा विचार मात्र आला नाही.) डाव्याच हाताच्या चारच बोटांना घट्टे का, असा प्रश्न एखाद्या हुशार माणसाला पडला असता. मी हेडक्लार्क आहे.

वाटीभर कोमट पाण्यात एकेक बोट भिजवून मी टाचा घासायची वज्री चालवली. (झोपेत बायको भूकंपालासुद्धा 'उद्या या' म्हणेल.) अर्ध्या तासात बोटं लोण्यासारखी मऊ! वर क्रीमही चोपडलं.

चारला ती उठली, व्हायोलिन घेतलं, तारेवर बोट दाबलं आणि किंचाळली.

"अहो, माझ्या बोटांना काय झालं?"

"मऊ झाली," मी लाजत म्हणालो. "मी घासली."

ती पांढरीफटक पडली. "घट्टे काढलेत?"

"सगळे! एकही ठेवला नाही."

"अहो, तारा दाबून दाबून आले होते ते! बारा वर्षं लागली. ते होते म्हणून तारा बोचत नव्हत्या!"

मी वाटीतल्या पाण्यात डोकावून पाहिलं. "परत कधी येतील?"

"कार्यक्रम सहाला आहे!"

मी चिकटपट्टी सुचवली. पट्टीनं सूर बिघडतो, म्हणे. कार्यक्रम रद्द करू या, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिची नजर पाहून मिटलं.

सहाला ती मंचावर वाजवायला बसली. पहिल्या सुरापासून तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात थांबला नाही. मी पहिल्या रांगेत अंग चोरून बसलो होतो. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं.

निवेदिका डोळे पुसत म्हणाली, "तुमचे अश्रू पाहून आम्हीही रडलो. हे कुणामुळे?"

बायकोनं माझ्याकडे हात केला. "यांच्यामुळे."

टाळ्यांचा कडकडाट! तिनं मला माफ केलं, असं वाटून मला भरून आलं. मी उठलो आणि कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

"दुपारी मी झोपले असताना," बायको माइकवर म्हणाली, "यांनी माझी बोटं वज्रीनं घासली."

टाळ्या एकदम थांबल्या. मी अजून वाकलेलाच होतो. सरळ कधी व्हायचं, ते कुणी सांगेना.