सूचना तीच, जागा वेगळी

ईशान आणि मुक्ता,

परवा फोनवर ईशान म्हणाला, "आजी, एक चूक सापडत नाहीये. सगळा प्रोग्रॅम थांबवला की ती लपते, चालू ठेवला की निसटते. जाऊ दे, तुला नाही कळायचं." तेव्हा मी फोन ठेवून दिला, कारण ईशान, तुझा आवाज दमलेला होता. पण मला कळतं, बाळा. तू म्हणतोस तोच पेच आमच्या महाडच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत सुटताना मी पाहिला आहे. सोडवणाऱ्या होत्या तुमच्या आत्याआजी, म्हणजे माझ्या नणंद कुसुम, माझ्या वन्सं. आंबापोळीची पुडकी पाठवणारी म्हातारी एवढीच तुम्हाला त्यांची ओळख आहे. ती फारच अपुरी आहे, म्हणून आज लिहायला बसले.

वन्सं कोणालाही "थांब" म्हणत नसत. दूध उतू जायला आलं की आपण सगळे "थांब थांब" म्हणत धावतो. वन्सं नुसत्या धावत. रिक्षावाल्याला त्या "मी इथे उतरते" असं सांगत, आणि तो बिचारा वेळेत थांबला नाही तर पुढे उतरून मागे चालत येत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, मला व्याकरणाची खोड. एकदा त्यांना पकडलं. म्हटलं, "वन्सं, दिवसभर 'थांबा, थांबा' करत त्या कॉम्प्युटरसमोर बसता की!"

"ते नाम आहे, वहिनी. एसटीचा असतो तसा थांबा. त्याचा आज्ञार्थ मी वापरत नाही."

या नियमाला एक अपवाद झाला. तो त्याच्या जागी येईल.

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "सगळं थांबवायचं कशाला?" आमच्या नात्यातल्या एका लग्नात मुलीचा मामा घाटात अडकला. मामाशिवाय मुलीला बोहल्यावर आणणार कोण? भटजींनी हात जोडले, वाजंत्रीवाले गप्प झाले, आचाऱ्याने झाकणं लावली. वन्सं उठल्या. "मामा एकाचा आला नाहीये. भूक सगळ्यांना लागली आहे. सगळं थांबवायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी अक्षता पडायच्या आधी पहिली पंगत बसवली. मामा पोचला तेव्हा अर्धी वऱ्हाडी मंडळी मठ्ठ्यावर आली होती. वरमाई पुढे कित्येक वर्षं आमच्याशी बोलत नव्हत्या. वन्संना ते कळलंच नाही, कारण त्याही कधी वरमाईंशी बोलत नव्हत्या.

गणितात पदवी घेऊन त्यांनी मुंबईत बरीच वर्षं कॉम्प्युटरचं काम केलं. माझे सासरे, आमचे नाना, गेले तशा त्या महाडला परत आल्या. त्या काळी गावात कॉम्प्युटर म्हणजे कौतुकाचा विषय. आमच्या घरातल्या एकुलत्या एका टेबलफॅनचं तोंड कायम त्या यंत्राकडे असे, आणि आम्ही सगळे घाम पुसत त्याच्याभोवती वावरत असू. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याचा प्रोग्रॅम वन्सं सांभाळत. त्यात एकाच वेळी अनेक धागे, म्हणजे स्वतंत्र कामं, चालत. एक टाकीतली पातळी बघायचा, एक उष्णता मोजायचा, एक भोंग्यावर नजर ठेवायचा. त्यातला कुठला तरी मध्येच चुकत होता.

तिथल्या साहेबांनी सांगितलं, "मॅडम, सगळं बंद करू आणि निवांत तपासू."

"करा. मग टाकीत जे घट्ट होऊन बसेल ते खरवडायला तुम्ही स्वतः उतरा."

साहेब उतरणार नव्हते. वन्सं घरी येऊन त्याच पेचावर विचार करत बसल्या.

हा पेच काय होता ते त्यांनी मला तांदूळ निवडताना समजावलं. प्रोग्रॅम म्हणजे ओळीने मांडलेल्या सूचना. चूक कुठे होते ते बघायचं तर एका सूचनेच्या जागी थांबा ठेवायचा. जागा एकाचीच, म्हणून तिथली मूळ सूचना उचलून बाजूला ठेवायची. धागा तिथवर आला की उभा राहतो. आपण त्याला तपासतो. पण मग त्याला पुढे न्यायचं कसं? थांबा काढून मूळ सूचना परत ठेवली, तर तेवढ्या वेळात दुसरा धागा तिथून न थांबता पसार होतो. ते नको असेल तर बाकीच्या सगळ्यांना ताटकळत ठेवायचं.

"आणि सगळं थांबवायचं कशाला," मी म्हटलं.

"बरोबर. म्हणून थांब्याला हात लावायचा नाही. मूळ सूचनेची एक नक्कल स्क्रॅच मेमरीत ठेवायची."

स्क्रॅच म्हणजे ओरखडा, किंवा खाजवणं. इथे कोण कोणाला खाजवतंय ते माझ्या बी.ए.ला उमगेना. वन्संनी सुपातला एक दाणा उचलून बाजूला ठेवला. "पडवी म्हणा. घराचीच जागा, पण येण्याजाण्याच्या वाटेवरची नाही. त्या एका धाग्याला हाताला धरून पडवीत न्यायचं, तेवढी एक सूचना तिथे पार पाडून घ्यायची, आणि परत आणून थांब्याच्या पुढच्या ओळीवर सोडायचं. थांबा जागच्या जागी, बाकीचे चालते. सूचना तीच, जागा वेगळी."

"एवढं सोपं?"

"नाही. सूचनेत 'इथून' हा शब्द असला की घात होतो. 'इथून चार पावलं पुढे' असं लिहिलेलं असेल, तर माजघरातून चार पावलं म्हणजे देवघर. पडवीतून चार पावलं म्हणजे केळीचं आळं. म्हणून परत आणताना 'इथून' दुरुस्त करायचं."

ही युक्ती काही वन्संनी शोधलेली नव्हती. ती जगात आधीपासून होती, असं त्या स्वतःच सांगत. पण आमच्या घरात जे झालं ते मात्र त्यांचंच.

नाना पोलादपूरच्या शाळेत शिक्षक होते. रोज संध्याकाळच्या एसटीने घरी येत. सासूबाई उंबऱ्यापाशी उभ्या असत. नाना आले की त्या पडवीत पाट मांडत, पाय धुवायला तांब्या देत, "उशीर झाला?" विचारत, मग उंबऱ्यावरून आत डावीकडे वळून सगळ्यांची पानं वाढत. नाना गेल्यावर काही वर्षांनी सासूबाईंची आठवण विरत चालली. बाकी दिवस ठीक जाई. दिवेलागणीला मात्र त्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहत. "ह्यांची गाडी यायची आहे. कुणी जेवायचं नाही." ना त्या हलत, ना कुणाला आत जाऊ देत. तुमचे आजोबा ओटीवर, मी स्वयंपाकघरात, मध्ये त्या.

कामाला येणारी कापडे गावची सुंदराबाई रोज पदर खोचून विचारी, "वैनी गो, आजी आज पन हलत नाय. भाकऱ्या झाकू का परत?"

तुमच्या आजोबांनी एकदा खरं सांगून बघितलं. "आई, नाना गेले. केव्हाच गेले." सासूबाईंनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीची वाट. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच रडणं. मग मी म्हणून बघितलं, "आज मुक्कामी राहणार आहेत." त्या म्हणाल्या, "मग मी कशाला जेवू?" अंगावरचं मांस उतरू लागलं. पुण्याहून थोरल्या भाऊजींचा फोन आला. गणपती झाले की न्यायला येतो, इथे अशांना सांभाळणारी चांगली संस्था आहे, असं म्हणाले.

वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, आईला महाडमधून कुणी हलवणार नाही."

"मग तू काय करणार आहेस, कुसुम? घर रोज बंद ठेवणार?"

"घर चालू राहील. आणि आईचा थांबाही काढणार नाही. तो तिचा आहे."

त्याच संध्याकाळी त्यांनी सासूबाईंचा हात धरला. "आई, पडवीत पाट मांडायचा राहिलाय." सासूबाई लगेच निघाल्या. पाट मांडला, तांब्या भरून ठेवला, रिकाम्या पाटाला "उशीर झाला?" विचारलं, आणि तोंडावरची ओढ एकदम सैल झाली. वन्सं आनंदाने आत धावल्या. "वहिनी, जमलं! वाढा!"

आम्ही पानं घेतली. सासूबाई काही आत येईनात. एवढ्यात परसातून सुंदराबाईची हाक आली. "वैनी! आजी पलीकडं वाढतीय गो! डॉक्टरीणबायला वरडतीय!"

उंबऱ्यावरून डावीकडे वळलं की आमचं स्वयंपाकघर. पडवीतून डावीकडे वळलं की शेजारच्या डॉक्टरांचं. सासूबाई शांतपणे त्यांच्या घरात शिरल्या होत्या, त्यांच्या मुलांना आमटी वाढली होती, आणि डॉक्टरीणबाईंना बजावत होत्या, "मीठ कमी आहे. इतकी वर्षं सांगतेय तुम्हाला." डॉक्टरीणबाई पुढे कबूल करत, की मीठ खरंच कमी होतं.

वन्सं कपाळावर हात मारून म्हणाल्या, "'इथून' दुरुस्त करायचं राहिलं!"

दुसऱ्या दिवसापासून पद्धत ठरली. पाट, तांब्या, प्रश्न. मग हात धरून सासूबाईंना परत उंबऱ्यावर आणायचं, तोंड आतल्या बाजूला करायचं, आणि मगच हात सोडायचा. त्या डावीकडे वळत, आणि पुढचं सगळं त्यांना येत असे. तेवढ्या वेळात आमची ये-जा चालू, चूल चालू, रेडिओ चालू. सासूबाई चार घास जेवू लागल्या.

गणपती झाले आणि थोरले भाऊजी आले. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, बोलणं तयार करूनच आला होता. संध्याकाळी ते पडवीत वन्संसमोर उभे राहिले, पायात मोजे, हातात बॅग. "कुसुम, हे नाटक आहे. तू आईला फसवतेस."

"मी 'नाना आले' असं एकदाही म्हणत नाही. विचार वहिनींना."

"मग येतं कोण?"

"कुणी नाही. आईला जे करायचं असतं ते ती करते, आणि तिचं होतं. तुम्ही सगळे तिला रोज विधवा करत होता, ते खरं आणि हे नाटक?"

"संस्थेत तज्ज्ञ लोक असतात."

"त्यांच्याकडे पडवी आहे?"

भाऊजी उत्तर द्यायला वळले तर समोर सासूबाई तांब्या घेऊन उभ्या. पाट मांडून झाला होता. रोज त्या तांब्या खाली ठेवत. आज पाटाशी प्रवासातून आलेला, नानांच्याच बांध्याचा, टक्कल पडलेला माणूस होता. त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला.

"उशीर झाला?"

भाऊजींनी आधी वन्संकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघींनी मदत केली नाही. सासूबाई वाट बघत उभ्या होत्या.

"हो," भाऊजी म्हणाले. "घाटात गाडी बंद पडली होती."

"बरं. पाय धुवा."

आणि त्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाने मोज्यांसकट पाय धुतले. वन्संनी आईचा हात धरला, उंबऱ्यावर नेलं, तोंड आत वळवलं, सोडलं. मग भिजल्या मोज्यांनी तिथेच उभ्या असलेल्या भावाला म्हणाल्या, "दादा, तूही चल. इथून आत."

जेवताना सासूबाईंनी थोरल्या मुलाला नावाने हाक मारून भात वाढला. सकाळच्या गाडीने भाऊजी एकटेच परत गेले. संस्थेचं नाव पुन्हा कधी निघालं नाही. दिवाळीत पुण्याहून एक टेबलफॅन आला. वन्संनी तोही कॉम्प्युटरकडे वळवला.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. आपल्या घरात, आपल्या गादीवर गेल्या. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले. त्या संध्याकाळी मी कुकर लावून पडवीत डोकावले, तर वन्संनी पाट मांडला होता. तांब्या भरून ठेवला होता. समोर त्या बसल्या होत्या, आणि त्यांचे हात रिकामे होते. मी त्यांचे हात तसे कधी पाहिले नव्हते. मुंबईतलं सगळं सोडून त्या नानांसाठी परत आलेल्या नव्हत्या, नाना तर गेलेच होते. आईसाठी आल्या होत्या. हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा नीट कळलं.

मी आत वळले. मागून आवाज आला.

"वहिनी, थांबा जरा."

मी थांबले. त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, तुमचे आजोबा रेडिओ लावून बसले होते, सुंदराबाई कोणावर तरी ओरडत होती. कुणालाही थांबवावं लागलं नाही. शिट्ट्या संपल्यावर मी वन्संचा हात धरला, त्यांना उंबऱ्यावर आणलं, तोंड आतल्या बाजूला केलं.

"'इथून' दुरुस्त केलंत ना?" त्यांनी विचारलं.

"केलं."

"मग सोडा हात. आंधळी नाही मी."

तर ईशान, तुझा प्रश्न वन्संना विचारला. त्या म्हणाल्या, "सगळं थांबवतोय कशाला तो? पडवी नाही का त्याच्याकडे?" तू तिकडून मला "इथून फार लांब आहे गं महाड" म्हणतोस, त्यावरही त्यांनी एक दुरुस्ती सुचवली आहे, ती तू आल्यावर त्याच सांगतील.

कारखान्याने तो प्रोग्रॅम केव्हाच बदलला. कॉम्प्युटर भंगारात गेला. वन्संचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. पोलादपूरची गाडी अजून संध्याकाळी येते, आणि पडवीत पाट अजून मांडलेला असतो.