करिष्माची मशीन आणि सोळावी भाजी

सुलतानपुरात महालक्ष्म्या बसवाव्या तर सुभद्राबाईंनीच, असं खुद्द सुभद्राबाईंचं मत होतं. दुसऱ्या कोणाचं मत विचारायची पद्धत त्यांनी गावात कधी पडूच दिली नव्हती. शाळा दुसरीतूनच सुटली, पण मोजण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. मागच्या वर्षी त्या थोरल्या जाऊबाईंकडे, मनकर्णाबाईंकडे, जेवायला बसल्या, तेव्हा भरल्या पंगतीत त्यांनी पानातल्या भाज्या बोटानं मोजल्या. महालक्ष्मीच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. पंधरा भरल्या.

"देवी काही बोलत नाही बाई," त्या म्हणाल्या, "म्हणून तुमचं भागून जाते."

हे वाक्य त्यांना पुढं किती महागात पडणार होतं, ते ऐका.

यंदा पूजेच्या दिवशी ऐन वेळेवर त्यांची चवळी करपली. काळी ठिक्कर. नैवेद्याला उशीर होत होता. सुभद्राबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि भोपळाच दोनदा केला, एकदा सालीसकट आणि एकदा बिनसालीचा. दुपारी मनकर्णाबाई पंगतीला आल्या, दोनदा मोजून पाहिलं, दोन्ही वेळा सोळा भरल्या, तशा त्या तोंड पाडून घरी गेल्या. खरी गोष्ट दोघींनाच ठाऊक होती, एक सुभद्राबाई आणि दुसरी देवी. मनकर्णाबाईंना ती कळली असती, तर त्यांनी एक वेळ जेवण सोडलं असतं, पण हा विषय मरेपर्यंत सोडला नसता.

आता राहिलं संध्याकाळचं हळदीकुंकू. तेवढ्यात बातमी आली की मनकर्णाबाईंनी आरासीत कूलरच्या पंपावर धबधबा सोडलाय. सुभद्राबाईंच्या आरासीत दोन समया आणि एक प्लास्टिकचा मोर. त्या घरभर फिरल्या आणि सुनेच्या टेबलापाशी थांबल्या.

सून करिष्मा इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. जुन्या कूलरचा पत्रा कापून, त्याला भोकं पाडून ती दोन वर्षांपासून एक मशीन बनवत होती. घरभर डागकामाचा वास. आज बसवलेला पार्ट उद्या उपटायची आणि परवा तिथं दुसरा डागायची.

"हे काय करून राह्यली व तू?" सुभद्राबाईंनी एकदा विचारलं होतं.

"सिंथेसायझर आहे, आई. हा डबा सूर काढते, हा त्याले गाळते, हा वरखाली हालवते. वायर बदलली की आवाज बदलते."

"म्हंजे चक्की, चाळणी अन पाळणा. मंग गव्हाचं पीठ तरी काढ."

पण मशीनवर लाल-हिरवे दिवे लुकलुकत, हे सुभद्राबाईंनी हेरून ठेवलं होतं. पत्र्यावर एक बारकासा डोळाही होता. अंधार पडला की रस्त्यावरचा दिवा आपोआप लागतो ना, त्यात असतो तसला. त्यांना तो टिकलीसारखा वाटला. करिष्मा प्रसादाचा डबा घेऊन मेहकरला नणंदेकडे गेली होती, म्हणजे विचारायचीही भानगड नव्हती.

त्यांनी मशीन उचलून देवीपुढं मांडली. फक्त त्या वायरी! बाभळीच्या झुडपात सुगरणीनं अर्धवट सोडलेलं घरटं बरं. लक्ष्मीपुढं असा पसारा? त्यांनी सगळ्या वायरी उपसल्या आणि रंग पाहून नीट लावल्या, लाल भोकात लाल, पिवळ्यात पिवळी. एक जाड वायर उरली, ती ज्येष्ठेच्या साडीखालून येत होती. एका लोखंडी स्टँडचा पाय मोडल्यामुळं काल ज्येष्ठेला करिष्माच्या स्पीकरच्या खोक्यावर उभं केलं होतं, त्याची ती वायर. तीही जिथं बसली तिथं बसवली. समोर हॅलोजन लावला आणि बटन दाबलं.

दिवे असे लुकलुकले की धबधब्यानं लाजावं. आवाज कसलाच नाही. म्हणजे सुभद्राबाईंच्या वयाच्या कानाला तरी नाही. घरची मांजर मात्र शेपूट फुलवून जी पळाली ती थेट पाण्याच्या टाकीवर.

बाया जमल्या. पहिला मान शेजारच्या रुक्मिणीबाईंचा. शेवग्याच्या शेंगेसारखी बाई. देवीपुढं वाकली आणि ज्येष्ठेच्या पोटातून आवाज आला, "कुईंऽऽ."

सगळ्या जागच्या जागी हात जोडून उभ्या राहिल्या.

"माय व," रुक्मिणीबाई पुटपुटल्या. "बोलली मायासंग."

"काय म्हणे?"

"गोडच म्हणे काहीतरी."

मनकर्णाबाईंनी गर्दीतून वाट काढली. देवी बोलते आणि थोरल्या सुनेशी बोलत नाही म्हणजे काय? त्या देहानं ऐसपैस. वाकल्या तसा हॅलोजनचा उजेड निम्मा झाकला आणि आतून म्हैस अडल्यासारखा आवाज निघाला, "हंऽऽब्वाऽऽ."

बायांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्या घाबरून आणखी वाकल्या, तर देवी आणखी खोल घोगरली.

"खरं सांगून टाका, बाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "काहीतरी असन तुमच्या पोटात."

मनकर्णाबाईंनी दोन्ही कान धरले. "गोकुळभाऊजीच्या लग्नात हरवलेली सुभद्राची पितळी परात," त्या म्हणाल्या. "मायाच माळ्यावर आहे."

बारा वर्षं! या परातीपायी सुभद्राबाईंनी बारा वर्षं अख्ख्या आळीवर संशय घेतला होता. परात तिथल्या तिथं मागवली. सुभद्राबाईंनी ती छातीशी धरली आणि त्यांना वाटलं, आता स्वर्ग काय तो दोन बोटं उरला.

"आता तू वाक, सुभद्रा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"घरच्याईले कायले लागते?"

"काऊन? भेव वाटते?"

हे मात्र सुभद्राबाईंच्या कानाला सोसवेना. पदर डोक्यावर ओढून त्या वाकल्या. देवी आता काय म्हणते ते पाहायला साऱ्या बाया मागून त्यांच्यावर झुकल्या. उजेड पार झाकला गेला. मग जो आवाज उठला तो चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरचा. वर रडल्यासारखा हेल, मध्येच उचकी. मुखवट्यांखालच्या कोठ्या हादरल्या, देवीची नथ थरथरली.

"पंधराच होत्या!" सुभद्राबाई ओरडल्या. "भोपळा दोनदा केला व माय! सालीचा अन बिगरसालीचा!"

"आई," दारातून करिष्मा म्हणाली. तिच्या हातात रिकामा डबा होता. "थे सावलीवर वाजते. तो डोळा आहे ना, त्याच्यावर अंधार पडला की आवाज जाड होते."

तिनं बायांना बाजूला सारलं. आवाज बंद.

मांजर तेवढी टाकीवरून खाली उतरली.

"म्हंजे देवी नाही बोलली?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "मंग आण थे परात इकडं."

"परात माही आहे."

"अन पंधरा तुह्या."

सुभद्राबाईंनी परात पुढं सरकवली. तिकडं करिष्मा मशीनपाशी बसून वायरी बोटानं चाचपत होती. अकरा दिवस खपून तिनं ती जोडणी केली होती. सुभद्राबाई खाली मान घालून म्हणाल्या, "रंगाले रंग लावला व मी. पसारा दिसत होता."

"आई, तुम्ही निघालेला सूर त्याच डब्यात परत घातला," करिष्मा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "हा रडका हेल मी दोन वर्षांपासून शोधून राह्यली. मले सुचलंच नाही. आता हलू नका. मी फोनवर रेकॉर्ड करतो, तुम्ही तेवढ्या पुन्हा वाका."

सुभद्राबाई वाकल्या. ट्रॅक्टर रडला.

"अजून एकदा, आई. पदर जरा पसरून."

त्या पुन्हा वाकल्या. पुन्हा, आणि पुन्हा. कंबर बोलायला लागली, तेव्हा कुठं करिष्मा म्हणाली, "बस, झालं."

"झालं कसं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. परात मांडीवर घेऊन त्या कधीच्या ऐसपैस बसल्या होत्या आणि बोटं मोजत होत्या. "पंधराच नमस्कार भरले. एक डाव अजून वाक, सुभद्रा. बिगरसालीचा."