कोरड्या वाटीतले नऊ दाणे

सकाळी दहा वाजता कोरड्या वाटीतल्या धानाच्या पाच दाण्यांपैकी तीन दाण्यांना दोन-दोन मिलिमीटरचे कोंब आले होते. यायला नको होते. शेजारच्या ओल्या वाटीतल्या पाचही दाण्यांना आले होते, ते ठीक होतं. पण कोरडी वाटी ठेवली होती ती पाण्याविना काय होतं हे बघण्यासाठी.

खुशबूने वहीत दिसलं तेच लिहिलं. तिचे हात जन्मापासून थरथरत आणि बोलणं अडखळत येई. दोन वाट्यांतल्या कापसावर दहा दाणे मांडायला तिला चाळीस मिनिटं लागली होती, पण तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. प्रयोग दिव्यांग मुलांच्या उन्हाळी शिबिरातला होता आणि ते शिबिर मोबाइलवर चाले. आसगावच्या घरात रोज अकरा वाजता डब्याला फोन टेकवला की शिबिर सुरू होई.

तिची दहावी झाली होती. पुढे शिकण्यासाठी भंडाऱ्याच्या वसतिगृहाचा अर्ज मार्चपासून कोरा पडून होता आणि शनिवारी शेवटची तारीख होती. माय जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाप, डोमा, तिची वेणी घालायचा, घास भरवायचा आणि तिची वाक्यंही पूर्ण करायचा. तिने "बाबा, मी भंडाऱ्याले…" असं सुरू केलं, की तो म्हणे, "दवाखान्यात? काय दुखते वो बाई?" आजी बायजाबाई विचारी, "बांगड्या पायजे का?" वाक्य तिथेच राहून जाई.

खुशबू तोंड धुवायला गेली तेव्हा डोमाने वाटीतले कोंब बघितले. दोन दिवस चोरून पाणी घालणारा तोच होता. त्याने घाईघाईने वाटीतले पाचही दाणे फेकले, कापूस बदलला, पोत्यातले कोरडे दाणे चिमटीने टाकले. ते सहा पडले. तो बाहेर जातो तोच बायजाबाई आली. "चिमण्यानं कोंब खाल्ले वाटते!" म्हणत तिने ओल्या वाटीतले तीन दाणे उचलून कोरड्या वाटीत ठेवले आणि समाधानाने पदर सावरला.

अकरा वाजता फोनमधून नागपूरच्या मनाली मॅडमनी विचारलं, "खुशबू, कोरड्या वाटीत किती दाणे?"

खुशबूने दोनदा मोजले. "न… नऊ."

"पाच ठेवले होते ना?"

"पा… पाच."

डोमा हळूच आईकडे वळला. "आई, तू हात लावली का?"

"तीन ठेवली मी. सहा तं पयलेच होते. तू काहून चोरावानी पाहून राहिला?"

"मी दाणे बदलवलो. पाण्यानं कोंब आले होते."

"पाणी तं मी टाकली! रोज दुपारी."

"तू बी?"

फोनमधली वीस मुलं खदखदा हसली. एकोडीचा गोलू टाळ्या पिटायला लागला. मॅडमनाही हसू आवरेना. "काका, पण पाणी टाकलं कशाला?"

डोमा फोनकडे न बघता म्हणाला, "तिच्या मायले शेवटी पाणी बंद होतं, मॅडम. डाक्टर म्हणले, एक थेंब देऊ नका. दोन दिवस मागत होती ते. मी नाई देलो."

गोलूच्या टाळ्या थांबल्या. बायजाबाई कापसाकडे बघत राहिली.

मॅडम म्हणाल्या, "खुशबू, तुझं निरीक्षण सांग."

"ति… तिथं…"

"तिचं म्हणणं असं का…" डोमाने सुरुवात केली.

"काका, तिला बोलू द्या."

डोमाने तोंड मिटलं. घरात कोणाला इतका वेळ गप्प बसायची सवय नव्हती.

"आपल्या घरी… को… कोरडी वाटी… राहतच नाई," खुशबू म्हणाली. मग तिने फोनकडे पाठ फिरवली. "बाबा, मी…"

डोमाचे ओठ हलले. बायजाबाईने त्याचा दंड धरला.

"म… मले तहान लागली… तं मी मा… मागीन," खुशबू म्हणाली. "मी… भंडाऱ्याले… शि… शिकाले जाईन."