मंगळवारचा बाक

धरणात अडकलेला गाळ दर मंगळवारी आमच्या कचेरीत येतो, बाकावर बसतो आणि समुद्राकडे जाण्याची परवानगी मागतो. अर्ज घ्यायला मी असतो. एकोणीस वर्षं झाली. बाक ओला होतो म्हणून मी त्यावर जुनी ताडपत्री टाकून घेतली. तिच्या मंजुरीलाच दोन वर्षं गेली.

अर्ज कुणी करावा याचा नियम साधा आहे. जे एकेकाळी जिवंत होतं, त्यानंच. पानं, साली, शेण, चितेची राख. नुसत्या वाळूला अर्ज करता येत नाही, ती आपली गपगुमान तळाशी बसते. मंजुरी आली तर अर्जदाराला खालच्या दारातून नदीत सोडायचं. अजून एकालाही आलेली नाही. वाट पाहून जीव विटला की अर्जदार बुडबुडा होऊन वर जातो, त्याची नोंद मी 'हवेत' अशी करतो. आणि सात वर्षं भरली की अंगावर एवढे थर बसतात की उठताच येत नाही. त्यांची नोंद 'कायम'.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी मान खाली घालूनच विचारलं, "नाव?"

"कुसुम गोविंद शिरधनकर. आणि मान वर कर, रम्या. जेवलास का?"

माझी आई. जलाशयाच्या शेपटीपासून भिंतीपर्यंत सरकत यायला तिला सहा वर्षं आणि अकरा महिने लागले होते.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्याकडे सावडून झालं की राख घरच्या घाटावरच सोडतात, आणि सोडताना कुठं जायचं ते मोठ्यानं सांगतात. आईचं माहेर नदीच्या मुखाशी, खाडीकाठच्या वाडीत. बत्तीस वर्षं ती तिकडे गेली नव्हती. आधी सासूचं आजारपण, मग बाबांचं, मग स्वतःचं. शेवटी म्हणाली, "आता तरी मला माहेरी धाड." मी घाटावर उभा राहून घसा फोडून ओरडलो, "आई, माहेरी जा!" मध्ये धरण आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी कोण, तर धरणाचा कारकून! अकलेचे नुसते तारे.

मी अर्ज घेऊन कोंडविलकर साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नाही. आधी त्यांनी चहा मागवला.

"शिरधनकर, नातेवाइकाचा अर्ज तुम्हाला घेता येणार नाही."

"मग कोण घेणार, साहेब?"

"गाळाच्या टेबलावर दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग कुणी नाही," साहेब हळहळून म्हणाले.

"रस्त्यानं नेली तर?"

"रस्त्यानं नेलेली माती गौण खनिजात येते. परवाना खनिजाला मिळतो. आईसाहेब खनिज आहेत का?"

"नाहीत."

"झालं तर मग."

मी परत आलो. 'कायम' व्हायला तीन आठवडे होते. आई दर मंगळवारी यायची, बसायची, माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण बघून चुकचुकायची. तिसऱ्या मंगळवारी तिच्या शेजारचं करंजाचं पान बोलता बोलता बुडबुडा झालं आणि छताला लागून फुटलं. मी 'हवेत' लिहिलं. आई घाबरली.

"मलाही आतून असंच होतंय रे. छातीत हवा भरल्यासारखं."

मला रडू आलं. मी मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा नळावर घासून आणला.

"यात काय होतं?" आईनं विचारलं.

"भेंडी."

"तेल फार घालते तुझी बायको," असं म्हणून ती डब्यात बसली.

बुधवारची किरकोळ रजा टाकून मी एसटीनं वाडीला गेलो. शेवटच्या थांब्यावर अनंतामामा उभा होता. थांब्यापुढे पाणीच होतं.

"मामा, घर कुठाय?"

मामानं पाण्याकडे हात केला. "ते तिकडे. खाजण आधी गेलं, मग तिवरं, मग अंगण. वीसएक वर्षं झाली, वरनं गाळ येत नाही बाबा. माती आली नाही तर वाडी टिकेल कशावर? कालवंसुद्धा मिळत नाहीत."

मी मान खाली घातली. त्या गाळाच्या सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत.

मी डबा उघडला.

"अनंता, किती वाळलास रे!" आई म्हणाली. मग तिनं सभोवार पाहिलं. ओहोटी होती, पाण्यातून विहिरीचा काठ तेवढा वर दिसत होता.

"आक्का, राहण्यासारखं काही उरलं नाही गं," मामा म्हणाला. "रम्याबरोबर परत जा."

"परत कुठं जाऊ? मला त्या काठाशी लाव. तेवढीच माती."

मामा आणि मी गुडघाभर पाण्यात उतरलो. डबाभर गाळ तो, दोन्ही हातांनी थापला तरी वीतभरसुद्धा जागा भरली नाही. "नीट बसले," आई म्हणाली. "जा आता. घरी वाट बघत असतील."

"भरती किती वाजता?" मी मामाला विचारलं.

"पाचला."

एसटीही पाचलाच होती. मी एसटी घेतली.

पुढच्या मंगळवारी हजेरी घेताना आईच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'माहेरी' असं लिहिलं. साहेबांनी वाचून सही केली.

बाक भरलेला होता. सगळे माझ्या डब्याकडे बघत होते. मी तो उघडून दाखवला. आत भेंडी होती.

"नाव?" मी विचारलं.