तालमीचं पाणी

शासनानं आमच्या गावात एकोपा आणायचं ठरवलं, त्या साली आडाचं पाणी होळीआधीच खाली गेलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढं आला.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या गावात त्या वेळी फार काही घडलं नव्हतं. गावाखालच्या वस्तीतली काही घरं जळाली एवढंच, आणि तीही कुडाचीच होती. वस्तीच्या पाटीवर नाव भीमनगर होतं. आमच्या तोंडात जुनंच होतं. बाकी एकोपा उत्तम. वस्तीतल्या बायका आडापासून लांब घागरी मांडून बसत, आणि वरच्या आळीतल्या कुणाला सवड असली नि दया आली, तर तो पोहरा ओढून वरूनच त्यांच्या घागरीत ओतत असे. त्या आडाला शिवत नव्हत्या, आम्ही त्यांना हाकलत नव्हतो. एकोप्याला आणखी काय पाहिजे?

तरी परभणीहून साहेब जीपनं आले. चावडीवर सतरंजी अंथरली. साहेबांनी 'सामाजिक अभिसरण (सांगीतिक) उपक्रम' जाहीर केला. गावातल्या सर्व थरांतल्या रहिवाशांनी आणि बालकांनी मिळून एक संगीतिका बसवायची होती.

सरपंच दिनकररावांनी विचारलं, "संगीतिका मंजी काय साहेब?"

"तिच्यात साधं बोलायचं नाही. सगळं गाऊन म्हणायचं."

"भांडण बी?"

"भांडणही."

"मग झालाच की एकोपा! गाऊन भांडायला गळा लागतो. आमच्याकडं कुणाला हाय?"

गळा होता तो कस्तुराबाईला. वस्तीतली बाई, चौदा एप्रिलला ती गायला लागली की वरच्या आळीतले लोक घराची दारं लावून घेत आणि आतून ऐकत. ती चावडीच्या पायरीखाली उभी होती. म्हणाली, "साहेब, गाऊ की. पण आमच्या हापशाचं काय? वस्तीला हापसा मंजूर झालाय म्हणत्यात, अन् मशीन तर येईना. लेकरं वढ्याचं गढूळ पाणी पियालेत."

साहेब प्रसन्न हसले. "बाई, हापसा मंजूरच आहे. फक्त गावात एकोपा दिसला पाहिजे. संगीतिका चांगली झाली की मशीन तुमच्या दारात."

"मग असं गाते, की बघा," कस्तुराबाई म्हणाली.

समिती नेमली. आम्ही तिचे चिटणीस. पेटी वाजवायला शाळेतले बन्सीधर गुरुजी. विषय साहेबांनीच दिला होता: एक आड, आणि त्यावर पाणी भरणारं सगळं गाव. त्यासाठी शाळेच्या ओट्यावर बांबू नि तरटाचा आड उभारला. आत लोखंडी टाकी ठेवली, कारण पोहरा पाण्यात पडल्याचा आवाज आला पाहिजे, असं गुरुजींचं म्हणणं. टाकी रोज आमचे सालगडी खऱ्या आडावरून भरत. कलेसाठी गावानं एवढी तोशीस सोसली.

तालमीला वस्ती लोटली. म्हाताऱ्या आल्या, बाळंतिणी आल्या, ज्यांना सूर म्हणजे काय ठाऊक नाही तेही आले. प्रत्येकाजवळ घागर. गाणं कस्तुराबाईनंच बांधलं होतं: 'एकच पाणी, एकच दोरी, भर गं बाई घागर.' कडवं संपलं की घागर भरायची आणि उजवीकडून निघून जायचं. उजवीकडून निघालेली माणसं वस्तीवर जाऊन, घागर रिकामी करून डावीकडून परत येत. गुरुजी म्हणाले, कोरसमध्ये इतकी तळमळ त्यांनी कधी ऐकली नव्हती. वरच्या आळीत थोडी कुजबुज झाली, पण समितीनं निर्णय दिला की हे पाणी तालमीचं आहे, सबब ते पाणी धरता येत नाही.

अडचण आली ती तिसऱ्या कडव्यात. तिथं सरपंचाचा नातू कस्तुराबाईच्या लेकीच्या, छबूच्या, ओंजळीतून पाणी पितो असं होतं. नातवाचं काम दिनकररावांचा खरा नातू भुजंग करणार होता. सरपंचीणबाई पार्वतीबाई थेट तालमीत आल्या.

"माझं लेकरू कुणाच्या बी हातचं पाणी पिणार न्हाई!"

"अगं, नाटकात हाय ते," दिनकरराव म्हणाले.

"नाटकात पियालं तरी पाणी खऱ्याच पोटात जातंय न्हवं?"

शेवटी नातवाचं काम वस्तीतल्याच एका पोराला दिलं आणि भुजंगाची जरीची टोपी त्याच्या डोक्यावर घातली. टोपी परत घ्यायची नाही असंही ठरलं. दिनकररावांचा मोठेपणा म्हणायचा, दुसरं काय! मग वाण्याच्या पोरीला पाणी पिताना कसंसंच व्हायला लागलं, जोशांच्या मुलाला ताप आला, पाटलांना कामं निघाली. एकेक भूमिका खाली सरकत गेली. सरपंचाचं काम कस्तुराबाईचा दीर आश्रुबा करायला लागला आणि दिनकररावांपेक्षा रुबाबात करायला लागला. थोडक्यात, एकोपा करणारे दोन्हीकडचे लोक एकाच बाजूचे झाले. वरच्या आळीचा सहभाग 'प्रेक्षक' या सदरात दाखवला.

प्रयोगाला साहेब सपत्नीक आले. आणि काय सांगावं, कस्तुराबाई गायली! हापसाच दिसत होता बाईला समोर. आवाज असा लागला की आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. आमचं आम्हालाच कौतुक वाटलं. छबूनं ओंजळ पुढं केली, टोपीवाला पोरगा प्यायला, साहेबांनी चष्मा पुसला.

साहेब उठून बोलायला लागले. "या गावात सारे एकाच आडावर पाणी भरतात, हे आज मी या डोळ्यांनी पाहिलं. अशा गावाला वेगळा हापसा देणं म्हणजे त्याचा अपमान आहे. म्हणून या वस्तीचा हापसा, जिथं अजून भेदभाव आहे अशा गावाला देण्याची शिफारस मी करतो." टाळ्यांचा कडकडाट झाला.

कस्तुराबाई घागर घेऊनच पुढं आली. "साहेब, ह्ये नाटक व्हतं! खऱ्या आडाला आमाला हात लावू देत न्हाईत हो!"

साहेब जरा दुखावले. "बाई, आत्ताच एवढ्या लोकांसमोर तुम्ही गाऊन सांगितलंत. आता बोलून फिरवता? खोटं होतं तर इतकं मनापासून कसं गायलात?"

जीप गेली. तालीम संपली म्हणून टाकी रिकामी केली आणि तरट उतरवलं.

सकाळी कस्तुराबाई बायका घेऊन खऱ्या आडावर आली. दिनकरराव नि आम्ही दोर धरून उभे होतो. दिनकरराव गालात हसत म्हणाले, "कस्तुरा, पाणी पाहिजे तर रिवाजानं. आधी गाणं म्हण."

तिनं घागर खाली ठेवली आणि गायली. 'एकच पाणी, एकच दोरी...' रात्रीपेक्षा चांगली. भाकरी टाकून लोक जमले, पार्वतीबाईसुद्धा दारात आल्या. मधेच ती थांबली आणि ओरडली, "आता टाळ्या नगा वाजवू! पोहरा सोडा! लेकरं तहानली हायेत माझी!"

हे वाक्य मूळ संगीतिकेत नव्हतं, पण काय जमलं होतं! आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी "वन्समोर!" ओरडलं, मग सगळेच ओरडले. तिनं रिकामी घागर उचलली, छबूचा हात धरला आणि ओढ्याकडं निघून गेली. लोक मागाहून विचारत राहिले की आम्ही पोहरा का सोडला नाही. अहो, दोन्ही हात टाळ्यांत गुंतलेले, सोडणार कसा?

तुम्हीही एवढं सगळं वाचलंत, बाईसाठी हळहळलात, गोष्ट छान जमलीय म्हणालात. आभारी आहोत. तुमचेही हात पुस्तकात गुंतलेले आहेत, हे समितीला कळतं.